निसटलेलं टोक

दसरा होऊन आठ-दहा दिवस झाले होते. इंदूरजवळच्या हातोदच्या पुढे, ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या शेततळ्याच्या बांधावर मी उभी होते आणि माझ्या हातात दोऱ्याचं एक टोक होतं. अर्ध्या मिनिटापूर्वी त्या टोकाला एक हिरवा रबरी बेडूक होता, बेडकाच्या पाठीला चिकटलेले दोन गळ होते आणि त्या गळांना चांगली हातभर लांबीची मरळ लागलेली होती. आता काहीच नव्हतं. काठी सरळ झाली होती, शिंगाड्याच्या वेलांमध्ये पडलेलं भोक हळूहळू बुजत होतं. मासा गेला याचं मला तितकंसं वाटलं नाही. मासे जातातच. मी मासे खात नाही, हाती आलेला मासा परतच सोडते. म्हणजे ही फार तर पाच मिनिटं आधी गेली. पण जाताना ती बेडूक घेऊन गेली. मी चष्मा कपाळावर सरकवला आणि ते टोक डोळ्यांजवळ धरलं. विसकटलेलं नव्हतं. मघाशी मी कात्रीनं कापलं होतं तसंच साफ होतं, फक्त शेवटचा बोटभर भाग मुरडलेला, वेणी सोडल्यावर केस राहतात तसा.

दोरा तुटला नव्हता. गाठ निसटली होती.

हे टोक बघून ओळखण्याचं शिक्षण मला माझ्या वडलांकडून मिळालं. दादा इंदूरच्या एका कापड गिरणीत विणाई खात्यात होते. घरी आले की निम्मा तास ओरडूनच बोलायचे, कारण कानात लूम चालूच असायचे. ताण्याचा एक धागा तुटला की लूम थांबवायचा, हजारो धाग्यांतून तो एक हुडकायचा, दोन टोकं जुळवायची आणि अशी गाठ मारायची की ती फणीतून सुळकन गेली पाहिजे. गाठ मोठी झाली तर अडकणार आणि शेजारचे चार धागे घेऊन जाणार. हे सगळं ते दोन बोटांत करत, माझं ‘विठ्ठल’ म्हणून होईपर्यंत. आई गोधडी शिवत असली आणि दोरा सुटला की ते टोक मागून घ्यायचे आणि निकाल द्यायचे: “तुटलेल्या धाग्याला मिशा फुटतात. निसटलेल्याचं डोकं विंचरलेलं असतं.” म्हणजे मिशा असतील तर दोष दोऱ्याचा, दोरा बदला. डोकं विंचरलेलं असेल तर दोष हाताचा, आणि हाताला बदली मिळत नाही. नव्वदीच्या सुरुवातीला गिरणीचा भोंगा बंद झाला, नंतर ते फार दिवस राहिले नाहीत. पण ही मिशांची परीक्षा माझ्याकडे राहून गेली. बटण तुटलं, पिशवीचा बंद सुटला, पतंग कटला, की आधी टोक बघायचं. चाळीस वर्षं बघते आहे. गाठ माझी आणि टोक विंचरलेलं, असं मात्र फारच कमी वेळा झालं होतं.

आता हा खुलासा करणं भाग आहे की माळकऱ्याची मुलगी मासे पकडायला कशी गेली. आमचे हे पाहुण्यांसमोर एकच वाक्य म्हणतात, “गळ्यात माळ, हातात गळ,” आणि वर स्वतःच हसतात. माळ माझी लग्नानंतर केव्हाच उतरली, पण जीभ तीच राहिली. अंड्याचा केकही मला वासावरून कळतो. २०१८च्या मार्चमध्ये सुनेच्या बाळंतपणासाठी मी अमेरिकेत गेले, अटलांटाच्या उत्तरेला. डिंक, अळीव, बाळंतशेपा असं सगळं घेऊन. सून कामावर, मुलगा कामावर, बाळ यायला अजून महिना. घरामागे एक तळं होतं, काठाला बाक. मी तिथे बसून टोपडं विणायची. शेजारच्या घरातले एक आजोबा रोज तिथेच मासे पकडायला यायचे. सत्तरीच्या बरेच पुढचे, बोटं संधिवातानं वाकलेली. चार-पाच दिवस ते माझ्या क्रोशाकडे बघत होते. मग एके दिवशी उठून आले आणि एक दोरा आणि एक गळ माझ्यासमोर धरून म्हणाले, बाई, ही गाठ मला मारून द्याल का? माझे हात आता ऐकत नाहीत.

म्हणजे मी मासेमारीत शिरले ती गाठीच्या दारानं. पुढचे तीन आठवडे मी काठी हातात घेतली नाही, फक्त गाठी मारल्या. त्यांचं इंग्रजी चिंचेच्या कोळासारखं संथ आणि दाट होतं, माझं बँकेच्या फॉर्मपुरतं, पण गाठीला भाषा लागत नाही. पहिली शिकवली ती क्लिंच: दोरा गळाच्या नेढ्यातून घ्यायचा, स्वतःभोवती पाच वेढे, टोक पहिल्या फटीतून मागे, मग ओढायचं. ओढण्याआधी तोंडात धरून ओलं करायचं. कोरडा नायलॉन ओढला तर वेढे एकमेकांवर घासून तापतात आणि गाठीपाशीच दोरा हलका पडतो. मी विचारलंच नाही, सरळ जिभेवर ठेवलं. सुईत दोरा ओवणाऱ्या बाईला हे काय शिकवायचं? आजोबा मात्र फार खूश झाले. दुसरी गाठ पॅलोमार. दोरा दुहेरी करून नेढ्यातून घ्यायचा, साधी गाठ मारायची आणि मग जो फास उरतो त्यातून अख्खा गळ, आमिषासकट, आरपार काढायचा. मारायला ढोबळ, दिसायला ओबडधोबड, पण मुकाट्यानं धरून ठेवणारी. वेणीच्या, म्हणजे पेड विणून केलेल्या दोऱ्याला हीच, दुसरी नाही, असं त्यांनी बोट हलवून सांगितलं होतं. हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवते आहे.

माझ्या गाठीवर त्यांनी पहिला बास नावाचा मासा काढला तेव्हा मी बाकावरून उठले. हिरवट काळा पट्टा, तोंड एवढं मोठं की माझी मूठ जावी. म्हणूनच त्याला लार्जमाउथ म्हणतात, आणि तो जॉर्जियाचा राज्यमासा आहे. त्यांनी खालच्या ओठात अंगठा घालून तो उचलला, गळ काढला, पाण्यात सोडला. सोडला! मला हे अपेक्षितच नव्हतं. मी विचारलं, खात नाही? ते म्हणाले, या तळ्यातल्याला चिखलाची चव येते, आणि मला त्याची पुन्हा भेट हवी असते. त्या दिवशी संध्याकाळी मी मुलाला म्हटलं, परवाना कसा काढतात बघ रे. तो सुनेकडे बघून हसला, पण काढून दिला. पहिला बास हाती आला तेव्हा माझाही अंगठा त्याच्या तोंडात गेला. दात असे नसतात, पण ओठाच्या आतून कानस लावलेली असते. आठवड्याभरात अंगठ्याचं साल निघालं. सुनेला वाटलं, लाडवांचं खोबरं किसताना किसणी लागली. मी तिचा गैरसमज दोन दिवस तसाच राहू दिला.

मासा लागला हे कळणं ही या सगळ्यातली खरी विद्या आहे आणि ती शब्दांत सांगणं अवघड. रबरी गांडूळ पडलेल्या झाडाजवळ टाकायचं, आणि ते बुडत असताना त्याच्याकडे नाही, दोऱ्याकडे बघायचं. कारण बास पुष्कळदा ते खाली पडतानाच घेतो. दोरा किंचित उडतो, नाहीतर उगाच एका बाजूला चालू लागतो. तळाला टेकलं की काठीचं टोक वर, गांडूळ उचलायचं, पुन्हा खाली सोडायचं, सैल दोरा गुंडाळायचा. खाली दगड असतो, फांदी असते, गवत असतं, आणि या सगळ्यांत मध्येच एक टक्‌ येतं. तो बासच की आपला भास? पाचव्या महिन्यात पोटात पहिल्यांदा फडफडतं ना, आणि बाई हातातलं काम थांबवून उभी राहते, की हे बाळ आहे का वायू आहे, अगदी तसं. शंका असली तरी ओढायचं, कारण आपण खोटं काही चावलं हे कळल्यावर बास ते क्षणात थुंकतो. आणि ओढायचं ते जोरानं, कारण टेक्सास रिग म्हणतात त्या जोडणीत गळाचं टोक रबराच्या पोटात दडवलेलं असतं, गवतात अडकू नये म्हणून. ते आधी रबरातून बाहेर यायला हवं आणि मग जबड्यात शिरायला हवं.

या रबरी गांडुळांवर मी फार जीव लावला हे कबूल करते. खऱ्या गांडुळाला मी हात लावू शकत नाही. अक्षता टाकतानाही किडका तांदूळ दिसला तर तो बाजूला काढणारी मी. ओहायोतल्या अॅक्रनमध्ये १९४९च्या सुमाराला निक आणि कॉस्मा क्रीम या नवरा-बायकोनं घरच्या घरी प्लास्टिक शिजवून असलं गांडूळ साच्यात ओतलं, तेव्हापासून माझ्यासारख्यांची सोय झाली. घरातल्या घरात कढत काहीतरी हलवत उभी असलेली ती बाई मला अगदी शेजारची वाटते. तिकडे फिनलंडमध्ये लाउरी रापाला नावाच्या गरीब कोळ्यानं १९३६ साली बुचाच्या लाकडाचा छोटा मासा तासला, चॉकलेटची चांदी त्याच्यावर गुंडाळली आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून वर त्याचा लेप दिला. जखमी मासा कसा एका अंगावर लटपटतो, तसं ते पाण्यात लटपटायचं. त्याच्याकडे लाखाची गोष्ट होती ती ही की, भुकेला मासा शंभरांच्या थव्यातून तो एक लटपटणारा निवडतो, हे त्यानं वल्ही मारता मारता पाहिलं होतं. आता मात्र दुकानात गेलं की रंगांनीच गुदमरायला होतं. जून बग म्हणजे आपला वांगी रंग, त्यात हिरवी चमक. वॉटरमेलन सीड म्हणजे पोपटी अंगावर काळी तिळी. अगदी साडीच्या दुकानातल्यासारखं, एक उलगडा, दुसरं उलगडा, आणि दुकानदार म्हणणार हा चालू आहे सध्या. आजोबांकडे या विषयावर दोनच वाक्यं होती: गढूळ पाण्यात गडद, नितळ पाण्यात पाण्यासारखं. बाकीचे रंग घेणाऱ्याच्या डोळ्यांसाठी असतात.

ऑगस्टअखेर परत आले तेव्हा माझ्या ट्रंकेत अशी दीडेकशे गांडुळं होती. विमानतळावर कस्टमच्या पोरानं डबा उघडला, एक जांभळं गांडूळ चिमटीत धरलं आणि मला विचारलं, “आंटी, ये खाने का है?” कारण त्याला बडीशेपेचा वास येत होता. खरंच येतो. हाताचा वास झाकायला त्यात बडीशेपेचं तेल घालतात. घरी आल्यावर मी ती शेवेच्या रिकाम्या प्लास्टिक डब्यात भरून माळ्यावर ठेवली आणि विसरले. दिवाळीत काढायला गेले तर डब्याचा तळ विरघळला होता. मऊ रबरातला तेलकटपणा कडक प्लास्टिकला खातो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सगळी गांडुळं एकमेकांत आणि डब्यात मिसळून एक बहुरंगी गोळा झालेला. हे म्हणाले, वा, होळीला कामाला येईल.

पण गांडूळ, बेडूक हे सगळं आरास. घरचं लग्न असलं की मांडवाकडे सगळे बघतात, दोर कुणी बघत नाही, तसं. दोऱ्याची गोष्ट मला आमिषापेक्षा मोठी वाटते, बहुधा गिरणीवाल्याची मुलगी म्हणून. नायलॉन येण्याआधी गळाजवळची शेवटची तार रेशमाच्या किड्याच्या पोटातून काढत. कोश विणायच्या बेतात असलेला किडा व्हिनेगरमध्ये बुडवायचा, त्याची रेशमाची ग्रंथी काढायची आणि दोन हातांत ताणायची. एका किड्यापासून हातभर तार मिळाली तर नशीब. स्पेनमधल्या मुर्सियात हा धंदा होता. आणि ती तार कोरडी असताना गाठ मारली की तडकायची, म्हणून आधी भिजत घालावी लागायची, वालांसारखी. १९३८ साली ड्यू पाँट कंपनीनं नायलॉन जाहीर केलं आणि किड्यांची सुटका झाली. नायलॉन ताणतं, ऊन खाऊन म्हातारं होतं, पाणी पिऊन थोडं सैलावतं, पण स्वभावानं समजूतदार. माशानं हिसका दिला तर तो अर्धा स्वतः घेतं. मग फ्लुओरोकार्बन आला. पाण्यात हा सहज दिसत नाही, कारण प्रकाश त्यातून वाकतो तो जवळजवळ पाण्याइतकाच. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, याचा १.४२, नायलॉनचा दीडच्या वर. शिवाय तो बुडतो, नायलॉनपेक्षा पुष्कळ जड. आणि सगळ्यांत शेवटी वेणी. पॉलिथिलीनचे चार किंवा आठ पेड घेऊन खरीच वेणी घातलेली असते. तीस पौंडांचा, म्हणजे साडेतेरा किलोंचा दोरा शिवणाच्या दोऱ्याएवढा बारीक. पाण्यावर तरंगतो. ताणत अजिबात नाही, म्हणून माशाचा श्वास हातात येतो. आणि गुळगुळीत इतका, की तेल लावलेला केस.

इथे एक कुरकुर करून घेते. संक्रांतीला आमच्या राजेंद्रनगरात विजेच्या तारांवर जो नायलॉनचा मांजा लटकत असतो तो आणि माझा दोरा हे सख्खे भाऊ आहेत. राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ साली त्याच्यावर बंदी घातली, तरी पोरांना तो मिळतोच. मला नेहमी तळ्याकाठी तुटके दोरे गोळा करायची सवय लागली ती त्या तारांवर एक घार उलटी लटकलेली पाहिल्यापासून. माझ्या पिशवीत एक रिकामी जिरावण मसाल्याची बरणी असते, टाकाऊ दोऱ्याचा प्रत्येक तुकडा तिच्यात जातो. आणि तरी मी त्या दिवशी पाण्यात एक बेडूक सोडून आले.

बास आपल्याकडे नाही. मला आधी फार चुटपुट लागली, की आता हे सगळं कुणावर करायचं? मग कुणीतरी म्हणालं, मरळ आहे की. इथले मच्छीमार तिला सांवल म्हणतात. ही बासपेक्षा डांबरट. कल्ल्यांवर भागत नाही तिचं, डोक्यात हवा साठवायचे कप्पे असतात. ठरावीक वेळानं वर येऊन हवेचा घोट घ्यावाच लागतो, नाहीतर पाण्यात राहून गुदमरते. त्यामुळे तिचा ठावठिकाणा कळतो. बुडूक असा आवाज येतो, एक वर्तुळ पसरतं, दोन बुडबुडे. पावसाळ्यात पिल्लं झाली की नर-मादी तांबड्या पिल्लांच्या घोळक्याखाली पहारा देतात, तेव्हा काहीही पडलं तरी तुटून पडतात. बासचा नरही घरट्यावर असाच उभा असतो. त्या वेळी आमिष टाकणं म्हणजे बाळंतिणीच्या खोलीचं दार वाजवणं. आपल्या मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते. शेततळं खासगी, तरी मी ही तारीख पाळते, वर दोन महिने माझ्या पदरचे. मरळीला बेडूक लागतो. पोकळ मऊ रबराचा, पाठीला चिकटलेले दोन गळ, टोकं वर. शिंगाड्याच्या पानांवरून टुकटुक ओढत आणायचा. ती खालून आदळते तेव्हा पाण्यात वीट पडल्याचा आवाज येतो, आणि सगळा जीव म्हणतो ओढ. ओढायचं नाही. तिनं तोंड मिटून बेडूक चेपला तरच गळांची टोकं उघडी पडतात. तेवढा वेळ थांबायचं. मी मनात मोजते: एक विठ्ठल, दोन विठ्ठल. मग ओढते. त्या नावावर गळ मारावा का, असं विचारू नका. मोजायला लहानपणापासून दुसरं काही शिकवलंच नाही.

त्या शेततळ्यावर मला जाऊ देतात ते या मरळींमुळेच. शेतकरीबुवा दर पावसाळ्यात रोहू, कतला, मृगलचं बीज आणून सोडतात. मरळी कुणी सोडल्या नाहीत, नाल्याच्या पाण्याबरोबर आल्या आणि बीज खाऊन गब्बर झाल्या. पहिल्या दिवशी मी एक काढली, गळ सोडवला आणि परत पाण्यात ठेवली, तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. “ताईजी, चोर को पकड़ के वापस घर में छोड़ते हैं क्या?” याला माझ्याकडे उत्तर नाही, अजूनही. आजोबांनी मला एक गोष्ट सांगितली होती, तिकडे ती सगळ्यांना पाठ असते. २ जून १९३२ला जॉर्जियातच जॉर्ज पेरी नावाच्या एका तरुण शेतकऱ्यानं बावीस पौंड चार औंसांचा बास पकडला, दहा किलोंच्या वर. पाऊस होता म्हणून नांगरणी बंद, म्हणून तो गळ घेऊन गेला होता. वजन झालं, विक्रम झाला, आणि मासा घरी नेऊन सगळ्यांनी खाल्ला. मंदीचे दिवस, घरात माणसं. त्या विक्रमाची बरोबरी व्हायला २००९ साल उजाडलं, तीही जपानच्या बिवा तळ्यात. आणि त्या तळ्यात बास परत सोडायला कायद्यानं मनाई आहे, कारण तिथे तो बाहेरून आलेला, घरच्या माशांचा काळ. म्हणजे एकच मासा, एका ठिकाणी सोडला तर सज्जनपणा, दुसऱ्या ठिकाणी गुन्हा, तिसऱ्या ठिकाणी रात्रीचं जेवण. मरळ तर आपलीच, इथलीच. पण शेतकरीबुवांच्या हिशेबात ती बिवातला बास आहे. ते मला तरी येऊ देतात. बहुधा त्यांना वाटतं, कधीतरी या बाईला अक्कल येईल.

तर त्या दिवशी काय झालं ते. सकाळी आठची वेळ, पाण्यावर अजून धुक्याची साय. पाण्यात एक जुनं बाभळीचं खोड आहे, त्याला घासून माझ्या दोऱ्याला मिशा फुटल्या होत्या. मी दोन हात दोरा कापून बरणीत टाकला आणि बेडूक नव्यानं बांधायला घेतला. पॅलोमार मारायची तर फासातून अख्खा बेडूक काढायचा, त्याचे ते रबरी झिरमिळ्यांचे पाय अडकतात, गळ अडकतात. मी फास केला, पाय अडकले. सोडवलं, पुन्हा केला. इतक्यात वीस हातांवर बुडूक झालं. मोठं वर्तुळ. घोट घेऊन ती खाली गेली होती, काही मिनिटांत पुन्हा वर येणार, आणि तेव्हा माझा बेडूक तिथे असायला हवा होता. मी पॅलोमार सोडून दिली. हातांनी आपण होऊन क्लिंच मारली, पाच वेढे, अटलांटाच्या बाकावर शेकडो वेळा मारलेली. तोंडात धरायचाही धीर नव्हता, कोरडीच ओढली. नायलॉनला चाललं असतं कदाचित. गुळगुळीत वेणीला पाच वेढ्यांत काय धरणार? बेडूक पडला, टुकटुक आला, वीट आदळली. एक विठ्ठल, दोन विठ्ठल. काठी वाकली, मुठीतून थेट खांद्यापर्यंत तिचं वजन आलं, आणि मग काठी हलकी झाली.

मी उन्हं डोक्यावर येईपर्यंत बांधावर बसून राहिले. तो बेडूक पोकळ आहे, तरंगतो. तोंडात असं तरंगणारं काही घेऊन तिला खाली जाता येत असेल का? वर आल्यावर तोंड उघडून घोट घेता येत असेल का? तीन-चार ठिकाणी बुडबुडे आले. त्यातले तिचे कुठले, ते कळायला मार्ग नव्हता. घरी येऊन ह्यांना सांगितलं. ह्यांनी हसायच्या आधी माझ्याकडे बघितलं आणि मग हसले नाहीत. रात्री चष्मा लावून फोनवर काहीतरी शोधत बसले आणि मला वाचून दाखवलं, की पाइक नावाच्या माशांच्या तोंडात राहिलेली आमिषं पाहिली तर पुष्कळांनी ती स्वतःच झटकून टाकली. “तुझी मरळही झटकेल,” म्हणाले. मी म्हटलं, पाइक वेगळा. पण ऐकून बरं वाटलं, हेही खरं.

आमच्याकडे सामानाच्या बॅगा तोलायचा एक डिजिटल काटा आहे, तेवीस किलोंच्या धाकानं घेतलेला. दुसऱ्या दिवशी मी तो खिडकीच्या गजाला अडकवला आणि गाठी तपासल्या. वेणीवर कोरडी क्लिंच: सहा किलोंना सुळकन निसटली, टोक विंचरलेलं. ओली क्लिंच: साडेसहा. पॅलोमार: साडेबारापर्यंत गेली आणि मग दोराच मधे तुटला, मिशा फुटून. तीनदा करून बघितलं. तीनही टोकं कागदावर चिकटवून ठेवली आहेत, देवघराच्या खणात, का ते विचारू नका. तिथेच दादांची एक छोटी कात्रीही आहे, टोकं कापायची. दुसऱ्या खेपेला, २०२३मध्ये, अटलांटाला गेले तेव्हा त्या आजोबांच्या दारात वेगळीच गाडी उभी होती आणि बाकावर दुसरी माणसं होती. कुणाला विचारायचं माझ्यानं झालं नाही. ते असते तर मी त्यांना हे सांगितलं असतं का? बहुतेक नसतं.

परवा शेतकरीबुवांचा फोन आला, हरभरा काढायला आलाय, सोले घेऊन जा म्हणून. तळ्याचं पाणी दोन हात उतरलंय म्हणाले. चैत-वैशाखात ते तळाला लागतं, मग जाळं टाकून सगळे मासे काढतात, सगळ्यांची मोजदाद होते. मी म्हटलं, भैया, उसमें एक हरा मेंढक निकलेगा रबर का, संभाल के रखना. ते म्हणाले, हो, ठेवतो. मग थोडं थांबून विचारलं, “और सांवल निकली तो?”

मी म्हटलं, मला आधी फोन करा.